साखर बंद कर, असं मीही सांगितलं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: 'तोंडातली बुरशी' या लेखासोबतची पथ्याची चौकट

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत तोंडातल्या बुरशीवर लेख आला होता. जिभेवरचा पांढरा थर, ओठांच्या कोपऱ्यांना पडणाऱ्या चिरा, घास गिळताना होणारी आग, ही लक्षणं त्यात नीट दिली होती. शेवटी एक चौकट होती, 'हे बंद करा'. साखर, गूळ, मैदा, भात, केळी, द्राक्षं, पाव, इडली, ढोकळा, दही, सगळं तीन महिने बंद. माझ्या दवाखान्यात वाट बघत बसलेल्या एका बाईंनी ती चौकट कात्रीने कापून पर्समध्ये ठेवली होती. मुलीसाठी, म्हणाल्या. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

लातूरला गेली २६ वर्षं माझा दाताचा दवाखाना आहे, ट्यूशन एरियापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे खुर्चीत बसणाऱ्यांत निम्मी तरी मुलं अकरावी-बारावीची, नाहीतर 'नीट' ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा दुसऱ्यांदा देणारी. उदगीर, निलंगा, अहमदपूर, परभणी, हिंगोली, कुठून कुठून आलेली. एका खोलीत चौघं, मेसचा डबा, रात्री दोनपर्यंत जागरण. दाढ ठणकली तरी टेस्ट सिरीज उरकल्याशिवाय येत नाहीत. आले की पहिला प्रश्न, 'मॅडम, एकाच सिटिंगमध्ये होईल ना?'

त्यातलीच एक मुलगी. हे पत्र मी तिला आणि तिच्या आईला वाचून दाखवलं आहे, आणि ओळख पटेल असं जे होतं ते बदललं आहे. मागच्या वर्षी ती १९ वर्षांची होती. त्याच्या दोन वर्षं आधी, अकरावीत असताना, तिच्या खालच्या दाढेत मीच सिमेंट भरलं होतं, म्हणजे केसपेपर माझ्याकडेच होता. हे सिमेंट पुढे महत्त्वाचं आहे.

श्रावणात ती आली ओठांचे कोपरे फाटले म्हणून. दोन्हीकडे लाल, ओलसर चीर, वर पिवळट खपली, तोंड उघडलं की रक्त. मी बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. आपल्याकडे सगळेच ते देतात, आणि बहुतेक वेळा डॉक्टरच्या आधी केमिस्टने दिलेलं असतं. 'जेवण वेळच्या वेळी आहे ना गं?' 'सोमवार धरते, मॅडम.' सोबत मावशी होती. ती कौतुकाने म्हणाली, 'आमची एक उपास सोडत नाही. सोमवार, संकष्टी, एकादशी. भगरसुद्धा नाही, नुसत्या ताकावर राहते बघा.' मीसुद्धा कौतुकानेच मान डोलावली. माझी स्वतःची मुलगी चतुर्थीला दुपारी चारला वडापाव खाऊन मोकळी होते.

नवरात्रात ती परत आली. आता टाळूवर आणि गालांच्या आतून पांढरे ठिपके, दूध नासल्यावर भांड्याला चिकटतं तसे. गॉजने पुसले की निघत होते आणि खाली लालभडक जागा राहत होती. या बुरशीचं नाव कँडिडा अल्बिकन्स. ती आकाशातून पडत नाही. धडधाकट माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या तोंडात हे यीस्ट गुमान राहत असतं, आणि त्याला जागेवर ठेवण्याचं काम लाळ करते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, ती तोंड सतत धूत असते, आणि तिच्यात बुरशीला मारणारी प्रथिनंही असतात. लाळ आटली, रक्त कमी झालं, मधुमेह हाताबाहेर गेला, दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढून चूळ भरली नाही, कवळी रात्रीसुद्धा तोंडातच ठेवली, की ती डोकं वर काढते. तान्ह्या बाळांना होते, म्हाताऱ्यांना होते. १९ वर्षांच्या मुलीला ती का व्हावी, हा प्रश्न मला पडला, तेवढं श्रेय मी स्वतःला देते.

आई गावाहून आली होती. 'बुरशी' म्हटल्याबरोबर तिने पदर तोंडाशी नेला. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीने ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला असे लोक मराठवाड्यात गावोगावी आहेत, त्यामुळे तिचं घाबरणं रास्त होतं. ती काळी वेगळी आणि ही पांढरी वेगळी, ही हाडं खात नाही, हे समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली. बाहेर अकरा जण बसले होते. मग मी पुस्तकातल्याप्रमाणे वागले. क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट, म्हणजे तोंडात लावायचं बुरशीचं औषध, दिलं, आणि चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहिल्या: रक्तातली साखर आणि एचआयव्ही. एचआयव्हीची तपासणी करण्याआधी माणसाला बसवून समजावून सांगावं लागतं, त्याची संमती घ्यावी लागते. तसा २०१७ चा कायदा आहे. मी घाईत नुसती इंग्रजी अक्षरं खरडली. लॅबमधल्या मुलाने ती काउंटरवर मोठ्याने वाचली.

संध्याकाळी वडील दवाखान्यात. 'आमच्या पोरीला काय समजता हो तुम्ही? दाताच्या डॉक्टर आहात ना, दात बघा.' रिसेप्शनवरची मुलगी घाबरून आत आली. मी माफी मागितली, आणि ती मागायलाच हवी होती. साखर नॉर्मल आली. दुसरी तपासणी त्यांनी तेव्हा होऊच दिली नाही. पुढे तिने स्वतःहून करून घेतली, निगेटिव्ह आली.

आता मला जे सांगायचंय ते. एका वयात आलेल्या मुलीच्या चिठ्ठीवर एचआयव्ही लिहायला माझा हात अडखळला नाही. पण 'बाळा, जेवल्यावर उलटी होते का?' हे विचारायचं मला सुचलंही नाही. शिवाय ती निघताना पथ्य सांगितलं. 'गोड बंद कर. बेकरीचं, मैद्याचं बंद. यीस्टला साखर लागते.' तिने ते वहीत लिहून घेतलं, बायोलॉजीच्या नोट्स काढावेत तसं, क्रमांक घालून. आणि पेंटची बाटली हातात घेऊन विचारलं, 'मॅडम, यात कॅलरी किती असतात?' मी हसले. 'अगं, चार थेंबांत कसल्या कॅलरी!' ती हसली नाही. हे आता आठवतं.

त्या पेंटने ठिपके गेले आणि महिन्याभरात परत आले.

मार्गशीर्षात ती तिसऱ्यांदा आली, या वेळी एकटी. तक्रार दातांची. 'साधं पाणी प्यायलं तरी दात आंबतात.' कच्ची कैरी खाल्ल्यावर दात आंबतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याने आंबत असतील तर वरचं कवच गेलेलं असतं. मी तोंडातला छोटा आरसा वरच्या पुढच्या दातांच्या मागे धरला. समोरून दात पांढरे, अगदी फोटोत यावेत असे. मागची बाजू मात्र काचेसारखी गुळगुळीत, पिवळसर, कडा कागदासारख्या पातळ, दिव्याचा उजेड आरपार दिसावा अशा. खालचे पुढचे दात ठीक होते, कारण खालच्या दातांवर जीभ पडून राहते, त्यांना आडोसा मिळतो. आणि मग ती दाढ. दोन वर्षांपूर्वी मी भरलेलं सिमेंट दाढेच्या पातळीला घासून बसवलं होतं, तसं मी केसपेपरवर लिहिलंही होतं. आता ते चहूबाजूंनी वर आलं होतं, नदीचं पाणी ओसरल्यावर खडक उघडा पडावा तसं. सिमेंट वाढत नसतं. भोवतालची दाढ विरघळून खाली गेली होती.

दाताचं वरचं कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण साडेपाचच्या खाली पीएच (आम्लाचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल कडक) गेला की तो विरघळू लागतो, आणि पोटातलं आम्ल दीड-दोनपर्यंत असतं. लिंबू चोखणाऱ्याचे, दिवसभर कोला पिणाऱ्याचे दात झिजतात ते बहुतेक पुढून. मागून झिजतात ते आतून वर येणाऱ्या आम्लाने. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. १९७९ साली लंडनमध्ये जेराल्ड रसेल नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ३० रुग्णांवरून बुलिमिया नर्व्होसा, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते ओकून काढण्याचा आजार, याचं वर्णन छापलं, त्यानंतर १९ वर्षांनी मी बीडीएस झाले. म्हणजे माहिती उपलब्ध होती. आमच्या डोक्यात ती 'टीप लिहा'पुरती होती, पाच मार्कांची.

मी विचारलं, 'उलट्या होतात का?'

'पित्त आहे, मॅडम.'

आपल्या घराघरात हे उत्तर चालून जातं. पित्ताला आपण आजारात धरतच नाही. सकाळी दात घासताना नळावर जोरजोरात ओकून पित्त काढणारे आजोबा आपण सगळ्यांनीच पाहिलेत, आणि त्यांना कोणी कधी अडवलं नाही. माझ्याकडे एक निवृत्त क्लार्क येतात. तीस वर्षं रोज सकाळी न चुकता 'पोट साफ' करतात, वरून. त्यांना जेवणाबद्दल कसलीही भीती नाही, हुरडा पार्टीत पहिले असतात. पण दातांची मागची बाजू या मुलीसारखीच. उपास आणि पित्त हे दोन शब्द उच्चारले की मराठी माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. डॉक्टरही नाही.

त्या दिवशी का कोण जाणे, मी विचारला. हातमोजे काढले, खुर्ची सरळ केली (आडव्या पडलेल्या माणसाला काही विचारू नये, हे मी उशिरा शिकले), आणि म्हटलं, 'तुझ्या दातांना आम्ल लागतंय, ते पोटातलंच आहे. कशाने येतं ते मला कळलं तर दात वाचवायचं मला बघता येईल. रागावणार नाही. घरी फोन करणार नाही.' ती बेसिनकडे बघत राहिली. बराच वेळ. मग ग्लासातल्या पाण्याने चूळ भरली, गरज नसताना, आणि म्हणाली, 'रोज नाही. रविवारी टेस्ट झाली की.'

पुढचं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, आणि कशाने, किती, कसं हा तपशील छापू नये असं तिच्या डॉक्टरांचं मत आहे, ते मला पटतं. थोडक्यात एवढंच. नीटच्या पहिल्या निकालानंतर सुरू झालं. आठवडाभर जवळजवळ काहीच नाही, मग एका रात्री हाताला लागेल ते, मग त्याची शरम, मग ते बाहेर. खोलीतल्या मैत्रिणींना वाटायचं, हिला पित्त आहे. सुट्टीत घरी असंच एका रात्री डब्यातल्या चपात्या संपवताना चुलतभावाने पाहिलं, तर तो म्हणाला, 'भस्म्या झालाय का गं?' आपल्याकडे या आजाराला दुसरा शब्द नाही, आणि जो आहे तो टोमणा मारायला वापरतात.

दिवाळीत आणखी एक झालं होतं. सारखं ओकणाऱ्यांच्या कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजतात, दोन्ही बाजूंनी, दुखत नाहीत, नुसता चेहरा रुंद दिसतो. गालफुगी समजून औषधही दिलं जातं. इथे मात्र पाहुण्यारावळ्यांनी गाल ओढून म्हटलं, 'लातूर मानवलं हो हिला, गाल कसे भरलेत!' ते ऐकून तिने पुढचे चार दिवस काय केलं असेल ते मी सांगायला नको.

आणि मग तिने वही काढली. माझं पथ्य तिथे होतं, नवरात्रातल्या तारखेसह. त्याखाली मोबाईलवरून उतरवलेलं 'यीस्ट डाएट': पाव नाही, इडली नाही, फळं नाहीत, भात नाही, दूध नाही. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. आई विचारायची, 'भात का खात नाहीस?' तर ही सांगायची, 'मॅडमनी बंद सांगितलंय. तोंडात बुरशी आहे.' खोटं नव्हतं ते. मी सांगितलंच होतं. न खाण्यासाठी ती मुलगी जी सबब रोज नव्याने शोधत होती, ती मी तिला लेटरहेडवर लिहून दिली होती.

म्हणून आपल्या चौकटीची मला भीती वाटते.

पहिली गोष्ट, ती चौकट वैद्यकीयदृष्ट्याही कच्ची आहे. पाव फुगवणारं यीस्ट सॅकरोमायसिस जातीचं. ते कँडिडा नव्हे. पाव खाल्ल्याने तोंडात कँडिडा येत नाही. इडलीचं पीठ तर मुख्यत्वे जिवाणूंनी आंबतं, तसंच दहीही. फळं-भात सोडल्याने तोंडातली बुरशी बरी होते याला भक्कम पुरावा नाही. ज्याला मधुमेह आहे त्याने साखर ताब्यात आणावी, दिवसभर गोळ्या-चॉकलेट चघळणाऱ्याने ते थांबवावं, दातांसाठीही थांबवावं. तिथपर्यंत ठीक. बुरशी बरी होते ती बुरशीच्या औषधाने, आणि परत येत नाही ती मूळ कारण दूर झाल्यावर. उपाशी राहणाऱ्या मुलीत मूळ कारण उपासमार हेच असतं. लोह, बी-१२, फॉलिक आम्ल घटतं, जीभ सोललेल्या टोमॅटोसारखी गुळगुळीत होते, कोपरे फाटतात. अंगातलं पाणी कमी झाल्याने लाळ आटते. उलट्यांनी तोंड सतत आंबट राहतं, आणि कँडिडाला आंबटपणाचं वावडं नाही, तिच्या शेजारच्या कितीतरी जंतूंना आहे. अशा तोंडाला 'अजून दहा पदार्थ सोड' सांगायचं म्हणजे आगीवर रॉकेल.

दुसरी गोष्ट केमिस्टांसाठी आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठी. पेंटने गेलं नाही की बुरशीवरची फ्लुकोनॅझोलची गोळी द्यायची सवय आपल्याला आहे, आणि दुकानात ती नुसती मागितली तरी मिळते. वारंवार उलट्या करणाऱ्यांच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असतं, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. फ्लुकोनॅझोलही काहींच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, मानसोपचारातली काही औषधंही. तिन्ही एकत्र आली तर तोंडाची आग हा सर्वांत किरकोळ प्रश्न ठरेल. मी तिला आधी फिजिशियनकडे पाठवलं. पोटॅशियम कमी निघालं, तीन दिवस ॲडमिट राहावं लागलं. दात झिजलेले दिसत होते म्हणून हे कळलं. नाहीतर कुठल्यातरी रविवारी टेस्टनंतर वसतिगृहाच्या बाथरूममध्येच कळलं असतं.

घरी सांगायचं तिनेच ठरवलं, तिच्या वेळेने, मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत. वडील आले होते. माझ्याशी बोलले नाहीत, पण आले. 'म्हणजे पोरीने मुद्दाम केलं?' असं त्यांनी तीनदा विचारलं म्हणे. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, मुद्दाम नाही.

त्यानंतरचं वर्ष सरळ गेलं असं कोणी समजू नये. फ्लूऑक्सेटिन हे मानसोपचारातलं औषध सुरू झालं, त्याने रात्रीचं खाणं कमी झालं, पण तोंडाला कोरड पडू लागली, आणि मे महिन्यात पांढरे ठिपके पुन्हा हजर. २०१६ मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या गावाचा मे महिना, आणि त्यात हे औषध. आई रडकुंडीला आली, 'म्हणजे परत सुरू केलं का हिने?' नव्हतं केलं. पुन्हा पेंट दिलं, जेवणानंतर चार वेळा, ठिपके गेले तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत, मधेच सोडायचं नाही. घोट घोट पाणी. मानसोपचारतज्ज्ञांना मी फोन करून कोरडेपणाचं सांगितलं, त्यांनी डोस आणि वेळ त्यांच्या पद्धतीने बघितली. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, हे मी तिला खडसावूनच सांगितलं. खडसावण्याची ती एकच जागा.

दातांचं म्हणाल तर एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी, गरोदरपणात उलट्या होणाऱ्यांनी आणि आमच्या क्लार्कसाहेबांनीसुद्धा. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. आम्लाने कवच मऊ पडलेलं असतं, ब्रशने ते खरवडून निघतं. शरमेपोटी ही मुलगी दर वेळी कडक ब्रशने पाच-पाच मिनिटं घासायची, आणि झीज दुप्पट व्हायची. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी, सोडा नसेल तर साधं पाणी, आणि ब्रश तासाभराने, मऊ, फ्लोराइडच्या पेस्टने. ओकणाऱ्याला असं सांगणं म्हणजे मुभा देणं नव्हे का, असं मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं. नव्हे. आजार सुटायला महिने, वर्षं लागतात, तोवर दात शिल्लक राहिले पाहिजेत. मी तिला कॅपा बसवल्या नाहीत. उलट्या थांबल्याशिवाय बसवलेली कॅप टिकत नाही, पैसे मात्र जातात. मागच्या बाजूला पातळ थर देऊन उघडी जागा झाकली आहे, बाकीचं पुढे.

माझ्या केसपेपरवर आता मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांच्या खाली एक ओळ जास्तीची आहे: 'पित्त / उलट्या, आठवड्यातून किती वेळा'. त्याखाली आणखी एक: 'सध्या कोणतं पथ्य, कोणी सांगितलं'. दुसऱ्या ओळीला लोक भरभरून बोलतात. जिमला जाणारा एक मुलगा बोलला, त्याचं तर स्वतंत्र पत्र होईल. हे फक्त मुलींचं आहे असं मीही समजत होते.

आता आपल्याकडे मागणं. तोंडाच्या बुरशीवर पुन्हा छापाल तेव्हा चौकटीत पदार्थांच्या यादीऐवजी हे द्या: तरुण वयात, कारण दिसत नसताना, तोंडात बुरशी वारंवार येत असेल तर रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासा, आणि जेवणाबद्दल शांतपणे विचारा. तोंडातलं दिसतं म्हणून दाताच्या डॉक्टरकडे येणं सोपं जातं, मनाच्या डॉक्टरकडे जायला माणूस कचरतो, म्हणून आमच्या खुर्चीवर हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आणि खाली टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर छापा, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मी तो छापून बेसिनच्या वर चिकटवला आहे, चूळ भरताना नजर जाते तिथे. वेटिंगच्या भिंतीवर लावला होता, पण तिथे चारचौघांसमोर कोणी लिहून घेत नव्हतं.

पत्र लांबलं आहे, ठाऊक आहे. कात्री लावायचीच तर सिमेंटच्या परिच्छेदाला लावा, वहीच्या नको.

परवा ती तपासणीला आली होती. टाळू स्वच्छ, कोपरे मिटलेले, दाढ आहे तिथेच. वजनाचा काटा माझ्याकडे नाही, आणि असता तरी मी वापरला नसता. मार्गशीर्ष लागलाय. घरात गुरुवारचं लक्ष्मीचं व्रत तीन पिढ्यांचं, आजी विचारते आहे म्हणे. तिने आरशात बघत, माझ्याकडे न बघता विचारलं, 'मॅडम, या वर्षी एक तरी गुरुवार धरू का?' मी म्हटलं, मी दातांची डॉक्टर, पथ्य सांगायचं मी सोडलंय, तुझ्या डॉक्टरांना विचार. आई दाराशी चप्पल घालत होती, तिथूनच म्हणाली, 'विचारायचं काय त्यात? तिच्या वाटचे चारही गुरुवार मी धरलेत. तू चल, कणीस घेऊ कोपऱ्यावरून.'

आपली,
एक दंतवैद्य, लातूर
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे; कृपया छापू नये.)